आधीं कोणता पाळणा?

कांहीं प्रश्न इतके क्षुल्लक दिसतात कीं, त्यांवर लेखणी झिजविणें म्हणजे वाचकांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणें होय असें कोणासही वाटावें. करमणुकीच्या उद्यानांत गेल्यावर कोणत्या पाळण्यांत आधीं बसावें, हा प्रश्न त्यांपैकींच एक. तथापि मोठ्या प्रसंगीं मनुष्य सावध असतो व करमणुकीच्या वेळीं बेसावध; म्हणून आपल्या मनांत कोणाचा व कशाचा क्रमांक कितवा आहे, हें ज्याला पहावयाचें असेल त्यानें तें सुटीच्या दिवशीं पहावें, असा आमचा अनुभव आहे. तो अनुभव आमच्या लौकिकांत भर घालणारा नाहीं. पण म्हणूनच तो सांगण्यासारखा आहे.

आमचें घर कासूस. पेण आणि नागोठणें यांच्यामधलें हें लहानसें स्टेशन रोह्याकडे जाणाऱ्या बहुतेकांना खिडकींतून दिसतें, तेवढाच त्यांचा व आमचा परिचय. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ सालीं ‘इमॅजिका’ हें उद्यान सुरू झालें आणि पुढील वर्षीं त्याला लागूनच जलक्रीडेचें दुसरें उद्यान निघालें. आमच्या मुलांची ओळख होती ती या दुसऱ्याशीं. दोन उन्हाळे तीं तेथें मनसोक्त डुंबून आलीं होतीं. एका दिवाळीच्या सुटींत त्याच्या भगिनी-उद्यानांत जाण्याचें ठरलें, आणि आठ दिवस आधींपासून घरांत याद्या होऊं लागल्या. दिवस एक आणि पाळणे, म्हणजे मुलांच्या भाषेंत ‘राइड’, अनेक. तेव्हां आधीं कोणती?

थोरल्या मुलाचें मत असें कीं, जिचें नांव सर्वांत मोठें ती आधीं. त्याच्या यादींत ‘नायट्रो’ पहिली होती. तींत पायांखालीं तळ नसलेल्या आसनांत बसवून मनुष्याला उलटासुलटा फिरवितात. मुलीचें मत निराळें. जें जलोद्यानांत मिळतें तें येथें पुन्हां कशाला? म्हणून होडींतून जाणाऱ्या ‘राजासॉरस’ला तिनें शेवटीं टाकलें, आणि काळोखांतून धांवणाऱ्या ‘डीप स्पेस’ला वर चढविलें. (हा राजासॉरस केवळ कल्पनेंतला नव्हे. त्याचीं हाडें नर्मदेच्या खोऱ्यांत सांपडलीं असून २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचें नामकरण केलें. परंतु एवढ्या माहितीनेंही तिचा निर्णय बदलला नाहीं.) धाकट्याचा सिद्धान्त सर्वांत सोपा होता: जेथें रांग लहान तेथें आधीं जावें.

कीर्ति, दुर्मिळता आणि सोय हे तीन पक्ष झाले. आम्ही मोठीं माणसेंही याच तीन कसोट्यांवर आयुष्य काढीत नाहीं काय? शाळा निवडतांना आम्ही नांव पाहतों, वस्तु घेतांना ती शेजाऱ्याकडे नाहीं हें पाहतों, आणि कर्तव्य निवडतांना बहुधा रांग कोठें लहान आहे तें पाहतों. तिन्ही कसोट्यांत थोडेंबहुत तथ्य आहेच. पण ‘आधीं काय’ एवढेंच त्या तिन्ही विचारतात. ‘कोणासाठीं’ हा प्रश्न एकीच्याही पोटांत नाहीं. तो त्या वेळीं आम्हांलाही सुचला नाहीं.

जातांना आम्हीं नागोठण्यावरून वांकणचा फांटा धरून पालीचा रस्ता घेतला. पालीस आधीं धुंडिविनायकाचें दर्शन घ्यावयाचें व मग बल्लाळेश्वराचें, हा क्रम लहान मुलालाही ठाऊक असतो. अष्टविनायकांची यात्राही शास्त्राप्रमाणें मोरगांवापासून सुरू करून मोरगांवींच संपवावयाची. यात्रेकरूला निवडीचा भार नसतो. तो पूर्वजांनीं वाहून ठेवला आहे. करमणुकीच्या उद्यानाच्या दारांत मात्र नकाशा हातीं देतात, क्रम देत नाहींत. हें स्वातंत्र्य खरें. पण स्वातंत्र्य मिळतांच मनुष्य आपल्या मनांतला जुनाच क्रम बाहेर काढतो, आणि तो कसा आहे हें त्याचें त्याला पूर्वीं ठाऊक नसतें.

दुसराही एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. आपल्या जत्रांत पाळण्याचे पैसे पाळण्यापाशीं द्यावयाचे असतात, त्यामुळें खिसा हाच विवेक होतो. अमेरिकेंतील डिस्नेलँड १९५५ सालीं उघडलें, तेव्हां तेथेंही लवकरच प्रतवारी लावलेल्या तिकिटांचीं पुस्तकें निघालीं. १९५९ पासून ‘ई’ हें अक्षर सर्वांत उत्तम पाळण्यांचें झालें, व १९८२ सालीं ही पद्धति बंद पडली. आतां सर्वत्र दारांतच एकदां पैसे द्यावयाचे. पण म्हणून आंत सर्व फुकट असतें असें नाहीं. आंतलें नाणें म्हणजे वेळ. सकाळीं प्रत्येकाच्या पदरांत सारखेच तास पडतात आणि रांगेगणिक ते खर्च होतात. जो आपले तास खर्च करितो त्याला हिशोब दिसतो. परंतु आपण दुसऱ्याचेही तास खर्चीत असतों, तो हिशोब कोणाच्याच यादींत मांडलेला नसतो.

आमच्याबरोबर आमची वडील बहीण होती. ताईनें आमच्या शिक्षणासाठीं स्वतःचें शिक्षण चौथींत सोडलें, घरच्या भातशेतीकडे पाहिलें, आणि कासूबाहेरचें जग फारसें पाहिलें नाहीं. गुडघ्यांच्या दुखण्यामुळें तिला वेगाच्या पाळण्यांत बसावयाचें नव्हतें. ओघानेंच पिशव्या तिच्यापाशीं राहिल्या, आणि धाकट्याची उंची जेथें भरली नाहीं तेथें धाकटाही तिच्यापाशीं राहिला. आम्ही यादी घेऊन धांवत होतों. दिवस मावळेपर्यंत आम्हीं नऊ राइड गांठल्या. पैसे वसूल झाले म्हणून थोरल्यानें यादीवर नऊ खुणा करून दाखविल्या. ताई त्याच बांकावर होती. ती एवढेंच म्हणाली, “बरें झालें रे, तुमचें सगळें सामान नीट राहिलें.”

परतीच्या वाटेवर आम्हीं तिला सहज विचारलें, “ताई, तुला काय पहायचें होतें?” ती म्हणाली, “मला कोणी विचारील असें वाटलें नाहीं, म्हणून मीं कांहीं ठरवलेंच नव्हतें.”

या उत्तरांत तक्रारीचा लवलेश नव्हता, आणि म्हणूनच तें मनाला लागलें. आम्ही आठ दिवस भगिनी-उद्यानाचा विचार केला आणि भगिनीचा अर्धी घटकाही केला नाहीं. पण खरी गोष्ट अशी कीं, तिचा क्रम त्या दिवशीं ठरलाच नव्हता. घराच्या रांगेंत ती चाळीस वर्षें शेवटीं उभी होती. उद्यानानें तें फक्त उजेडांत आणलें. उपनिषत्कारांनीं श्रेयस् आणि प्रेयस् असे दोन मार्ग सांगितले आहेत, ते फार मोठ्या विषयासंबंधीं आहेत हें आम्ही जाणतों. तथापि प्रेयस् निवडणारा मनुष्य दुष्ट असतो असें नव्हे. तो बहुधा घाईंत असतो, एवढेंच.

यावर कोणी म्हणेल, मग काय सर्वांनीं बांकावर बसावें? मुळींच नाहीं. पोरवयांतील थरारालाही एक हक्क आहे. पंधराव्या वर्षीं जें उलटेंसुलटें फिरणें आनंदाचें असतें, तें पन्नाशींत वैद्याच्या बिलाचें कारण होतें. मुलांना तें वय पुन्हां मिळणार नाहीं. पण थोरल्याला ‘नायट्रो’ पुढल्या वर्षींही मिळण्यासारखी आहे. ताईच्या पायांना पुढलें वर्ष मिळेल कीं नाहीं, हें कोणी सांगावें? दुर्मिळतेची कसोटी मुलीनें लावली ती योग्यच होती. फक्त ती वस्तूला लावली, माणसाला लावली नाहीं. ज्याची संधि दुर्मिळ त्याची निवड आधीं, असें तें सूत्र हवें होतें.

हल्लीं अनेक ठिकाणीं जादा पैसे भरून रांग चुकवितां येते. त्याच्या न्यायान्यायाचा विचार स्वतंत्रपणें करण्याजोगा आहे. येथें एवढेंच म्हणतों कीं, त्यानें रांग आंखूड होते, यादी नव्हे. वांचलेला वेळ आणखी एका पाळण्याच्या वाट्यास जातो, बांकाच्या नव्हे. याच्या उलट पंढरीचा यात्रेकरू पहावा. पददर्शनाची रांग झेपत नसेल तर तो मुखदर्शन घेतो, तेंही न साधलें तर कळसाला हात जोडतो, आणि आपली यात्रा अपुरी राहिली असें मानीत नाहीं. पुष्कळ सोडूनही तृप्त होण्याची ही विद्या आमच्याच घरांत होती. आम्ही ती तिकिटाबरोबर दारांतच टाकून आंत गेलों होतों.

आठवणींचा हिशोब वसुलीच्या हिशोबाहून वेगळा चालतो, हें आतां प्रयोगांनींही दिसून आलें आहे. डॅनियल काहनेमन व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदां साठ सेकंद गार पाण्यांत हात ठेवावयास लावलें. दुसऱ्या वेळीं तितकेच साठ सेकंद आणि वर किंचित् कमी गार पाण्यांत आणखी तीस. पुन्हां कोणता प्रकार कराल असें विचारतां बहुतेकांनीं लांबलेला, पण शेवटीं सौम्य झालेला, प्रकार पसंत केला. मन बेरीज करीत नाहीं. तें शिखर आणि शेवट लक्षांत ठेवतें. आमच्या त्या नऊ राइडींपैकीं आज आम्हांला चार धड आठवत नाहींत. बांक आठवतो.

पुढें माघी चतुर्थीचा पालीचा उत्सव आटोपल्यावर आम्ही पुन्हां गेलों. या खेपेस दारांतच धाकट्यानें विचारलें, “आत्या, तुला आधीं काय पहायचें?” ती बराच वेळ नकाशाकडे पहात राहिली. अशा प्रश्नाची संवय नसली म्हणजे उत्तरालाही वेळ लागतो. शेवटीं म्हणाली, “सगळा देश वरून दिसतो म्हणतात, तें.” तो ‘आय फॉर इंडिया’ नांवाचा खेळ होता, पडद्यासमोर आसनें अधांतरीं झुलतात आणि खालून देशांतील स्थळें सरकत जातात. बाहेर आल्यावर ताई कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “पंढरपुराच्या पलीकडे मीं कांहींच पाहिलें नव्हतें रे.”

मुलांनींही मग आपापलें साधलें. एकानें बांकावर बसावें व इतरांनीं जावें, अशी पाळी त्यांनींच लावली. आमची पाळी दोनदां आली, आणि बांकावरूनही बरेंच कांहीं दिसतें हें आम्हांला त्या दिवशीं कळलें. संध्याकाळीं घरीं आल्यावर थोरल्यानें यादी काढली. पांचच खुणा होत्या. त्यानें ती घडी करून ठेवून दिली, मोजली नाहीं.