खाली कोण उभं आहे?

माउंटनबोर्ड म्हणजे बर्फाऐवजी गवतावरून धावणारा स्नोबोर्ड. मीटरभर लांबीची फळी, पाय अडकवायला पट्टे आणि खाली साधारण 8 इंची, हवा भरलेली चार चाकं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात वेगवेगळ्या लोकांच्या डोक्यात हे खूळ जवळपास एकाच वेळी आलं. मी ते इंग्लंडमध्ये नोकरीला आल्यावर एका टेकडीवर शिकलो. काही बोर्डांना मागच्या चाकांवर ब्रेक असतो, त्याची मूठ हातात धरायची. आम्हाला मिळालेल्या बोर्डांना तोही नव्हता.

त्यामुळे सुरुवातीला शिकवलं ते फक्त थांबणं. बोर्ड उताराला आडवा घ्यायचा आणि वळत वळत चढाकडे न्यायचा, म्हणजे टेकडीच वेग खाऊन टाकते. थोडी सवय झाली की पॉवरस्लाइड: वजन टाचांवर, अंग टेकडीकडे झुकलेलं, मागचा पाय झटक्यात पुढे ढकलायचा. चाकं फिरायची थांबतात आणि गवतावरून आडवी घसटत जातात. आणि यातलं काहीच जमलं नाही तर? खाली बसायचं. सरळ बुड टेकायचं. हेल्मेट, मनगटाचे गार्ड घातलेले असतातच.

या बसण्यावरून माझा आणि माझ्या मित्राचा वाद आहे. त्याला ते लाजिरवाणं वाटतं. "माझं डोकं, माझे गुडघे. आपटलो तर मी आपटेन, तुला काय?" ऐकायला हे बिनतोड आहे. जॉन स्टुअर्ट मिलने 1859मध्ये 'ऑन लिबर्टी'त साधारण हेच मांडलं: माणसाला त्याच्याच भल्यासाठी अडवू नये, इतरांना इजा होत असेल तरच अडवावं. मला हे पटतं. हेल्मेटची सक्ती करणाऱ्यांशीही मी भांडू शकेन.

पण उतारावर 'माझी जोखीम' फार वेळ माझी राहत नाही. खाली कुणीतरी बोर्ड उचलून वर चढत असतं, त्याची पाठ माझ्याकडे असते. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या आचारनियमांत म्हणूनच मागून येणाऱ्यावर जबाबदारी आहे; त्याने आपली वाट अशी निवडावी की पुढच्याला धोका होऊ नये. पुढच्याने मागे बघत राहावं, अशी अपेक्षा नाही. ज्याला दिसतंय, त्याने सांभाळायचं. बुड टेकून थांबलो तर किंमत मी देतो, थोडं खरचटणं आणि थोडी इज्जत. नाही थांबलो तर तीच किंमत न विचारता दुसऱ्याच्या नावावर टाकतो. मिल मित्राच्या बाजूने नाही, माझ्या बाजूने आहे, असं मी त्याला सांगितलं. तो हसला.

आता थोडं गणित, कारण इंजिनिअरला राहवत नाही. घर्षण सोडून दिलं तर वेग फक्त किती उंची उतरलो यावर ठरतो. सव्वा मीटर उतरलं की ताशी 18 किलोमीटर, 5 मीटर उतरलं की 36. प्रत्यक्षात गवत बराच वेग खातं, पण प्रमाण लक्षात घ्या: चौपट उंचीला दुप्पट वेग, आणि थांबायला चौपट अंतर. म्हणजे खरा निर्णय उतारावर होतच नाही. तिथे दोन-तीन सेकंद असतात, त्यात कसलं नीतिशास्त्र? निर्णय होतो वर, पट्टे आवळताना, आपण किती उंचीवर उभे आहोत त्यावर. जिथून थांबता येतं तितकंच वर जायचं, आणि तेही खाली मोकळं सपाट गवत असेल तर.

मित्राचा यावरचा प्रश्न मात्र चांगला होता. "मग नवीन उंचीवर पहिल्यांदा कुणी जायचंच कसं? तिथून थांबता येतं की नाही, हे गेल्याशिवाय कळणार कसं?"

याला माझ्याकडे गणिती उत्तर नाही. टेकडीवर मात्र पद्धत आहे. एकजण खाली जाऊन उभा राहतो, वर चढणाऱ्यांना बाजूला घेतो, मग हात वर करतो. तोवर वरचा पाय हलवत नाही. गेल्या वेळी खाली मी होतो आणि वर तो. मी हात जरा उशिरानेच वर केला.