श्रम आणि स्वामित्व

‘जें मीं माझ्या हातांनीं घडविलें, तें माझें,’ हा न्याय आपणांस इतका स्वाभाविक वाटतो कीं, त्याची परीक्षा करावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. स्टेन्सिलच्या चित्रकलेंत मात्र ती करणें भाग पडतें.

सित्रोएन डी. एस. ही मोटार घ्या. १९५५ सालीं पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनांत ती प्रथम लोकांपुढें आली. तिचा डौलदार आकार फ्लामिनियो बेर्तोनी या इटालियन शिल्पकारानें घडविला. आतां एखादा चित्रकार तिचें छायाचित्र समोर ठेवतो, त्यांतील छायाप्रकाशाचे चार-पांच भाग पाडतो, प्रत्येक भागासाठीं जाड कागद चाकूनें कापतो, आणि ते कागद एकामागून एक त्याच जागीं अचूक बसवून, आधीं फिकट मग गडद, असे फवाऱ्याच्या रंगाचे पातळ थर देतो. आकृति बेर्तोनीची, छायाचित्र तिसऱ्याचें, रंग कारखान्याचा. मग चित्रकाराचें म्हणावें असें यांत काय उरलें?

‘त्याचे श्रम,’ असें उत्तर कोणीही देईल. पण नक्कलनविसालाही श्रम पडतात. तेवढ्यानें ग्रंथ त्याचा होत नाहीं. उलट १९७५ पर्यंत अशा सुमारे साडेचौदा लाख मोटारी निघाल्या. त्यांचा पत्रा बेर्तोनीनें स्वतः वाकविला नाहीं, तरी आकार त्याचाच. कारण तो कसा असावा याचा निर्णय त्याचा होता.

हीच कसोटी चित्रकारालाही लावावी. बॉनेटच्या उतारावर प्रकाश हळूहळू मावळत जातो. चाकूला मात्र कोठें तरी एक रेघ ओढावीच लागते. दिव्याभोंवतीं पूर्ण वर्तुळ कापलें, तर मधला तुकडा गळून पडतो. म्हणून तो धरून ठेवणारी बारीक पट्टी राखावी लागते, आणि ती डोळ्यांस खुपणार नाहीं अशी जागा शोधावी लागते. काय राखावें व काय सोडावें, हें बेर्तोनीनें ठरविलें नाहीं, कॅमेऱ्यानेंही नाहीं.

आज संगणक हे थर क्षणांत पाडून देतो. त्याच्या रेघा जशाच्या तशा कापणाऱ्याची बोटें तितकींच दुखतात, पण निर्णय त्याचा नसतो. मात्र त्या रेघा पारखून ज्यानें कांहीं मोडल्या, कांहीं हलविल्या, त्याचा त्यांत तेवढा वाटा मान्य करावा. दोष यंत्राचा नव्हे.

कोणी म्हणेल, डोळे सुखावले म्हणजे झालें. ही वांटणी हवी कशाला? परंतु पाहणारा नुसता सुखावत नाहीं, तो प्रशंसाही करतो, आणि प्रशंसा माणसाची असते. जी आपली नव्हे ती मुकाट्यानें स्वीकारणें हें अपहरणच होय. चित्राखालीं आपलें नांव घालतांना छायाचित्रकाराचेंही घालावें. त्यानें कलावंताचें कांहींएक उणें होत नाहीं. उलट जें उरतें, तें निःशंकपणें त्याचें ठरतें.