गाडी कोणाची?

गॅरेजातून मागून आणलेली तीन जुनी बेअरिंगे, एक फळी आणि मूठभर खिळे एवढ्या भांडवलावर आपल्याकडील मुले जी गाडी बांधतात, तिचा खडखडाट आळीच्या टोकापर्यंत ऐकू येतो. पुढचा आडवा दांडा एका बोल्टावर फिरतो. त्याच्या दोन्ही टोकांस बांधलेली सुतळी हाच तिचा लगाम. मागचा कणा फळीशी काटकोनात बसला नाही, तर गाडी सारखी एका अंगास ओढते. हे यंत्रशास्त्र मुलास कोणी शिकवीत नाही; गटारात पडल्यावर ते त्यास कळते. ते पडणे वडील माणसांनी चुकवावे काय, हा आमचा प्रश्न आहे.

अमेरिकेत हा प्रश्न एकदा चव्हाट्यावर आला. तेथे मुलांनी स्वहस्ते बांधलेल्या, इंजिनावाचून केवळ उतारावर धावणाऱ्या गाड्यांची शर्यत 1934 पासून भरत आली असून, 1935 पासून तिचे ठिकाण ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन हे आहे. 1973 साली तेथे एका चौदा वर्षांच्या मुलाने अजिंक्यपद मिळविले, आणि दोनच दिवसांनी ते काढून घेण्यात आले. त्याच्या गाडीच्या नाकात विद्युच्चुंबक दडविलेला होता. डोके मागे टेकले की कळ दाबली जाई. सुटण्याच्या जागेवरील लोखंडी अडसर इशारा होताच पुढे पडे, आणि पडता पडता चुंबकामुळे गाडीस ओढून घेई. ज्या आप्ताच्या घरी तो राहत असे, त्या गृहस्थाने ही युक्ती आपली असल्याचे कबूल केले. वर असे समर्थन केले की, लबाडी तेथे सार्वत्रिकच आहे आणि अशा गाड्या एकट्या मुलाच्या हातून होतच नाहीत.

यातील पहिला भाग चोराचा नेहमीचाच युक्तिवाद होय. त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नाही. दुसरा मात्र आम्हांस बोचतो. आज तेथे बहुधा ठरावीक सुट्या भागांचे संच जोडूनच गाड्या होतात. त्यामुळे स्पर्धकांत समता आली हे खरे; परंतु कणा कोठे बसवावा, हा विचार मुलाच्या हातून गेला, आणि आमच्या मते ही किंमत थोडी नव्हे.

बोचतो म्हणण्यास कारण आहे. आमच्या चिरंजीवांची गाडी डावीकडे ओढीत असे. तीन दिवस त्याचे सोललेले गुडघे पाहून आमचा धीर सुटला. तो निजल्यावर आम्ही कंदिलाच्या उजेडात मागचा कणा उपटला, गुण्या लावून सरळ बसविला, आणि जुन्याच भोकांजवळ खिळे ठोकून वर माती फासली. दुसऱ्या दिवशी गाडी सरळ धावली. आदल्या संध्याकाळी त्याने बेअरिंगांस वंगण घातले होते. त्याने सारे श्रेय वंगणास दिले. इतकेच नव्हे, तर शेजारच्या मुलासही तोच उपाय सांगितला. त्या बिचाऱ्याने वाकड्या कण्याच्या गाडीस भरपूर वंगण घातले आणि अधिक वेगाने तो गटारात गेला.

आमची ममता खरी होती. तीत मोठेपणाची हौस मुळीच नव्हती, असे मात्र शपथेवर सांगवणार नाही. मुलास खरे सांगावे, तर त्याचा आनंद जातो. न सांगावे, तर वंगणाचे खोटे शास्त्र त्याच्या डोक्यात कायम राहते. घरच्या मंडळींचे मत सांगावे असे आहे. आम्ही अद्याप सांगितलेले नाही. काल तो दुसरी गाडी बांधावयास बसला असून, गुण्या आम्ही त्याच्या हाताशी येईल असा ठेवून आलो आहो.