अतिशयोक्ती आणि सत्याचे व्रत

'हजारदा सांगितलं', 'एसटीत मुंगी शिरायला जागा नव्हती', 'रक्ताचं पाणी केलं' अशी वाक्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या बाजारात दिवसभर कानावर पडतात. 'जगात भारी' हे तर कोल्हापूरकरांचे रोजचेच मोजमाप. अक्षरशः धरले तर यातले एकही खरे नाही. मग सत्य हे व्रत मानणाऱ्याने असे बोलावे का?

पतंजलींनी योगसूत्रांत सत्याची गणना पाच यमांत, म्हणजे संयमाच्या व्रतांत, केली. योगसूत्रांवरील व्यासभाष्य म्हणते की वाणी असते ती आपला बोध दुसऱ्यापर्यंत पोचवण्यासाठी. ती फसवणारी, भ्रम पाडणारी किंवा निरर्थक नसावी आणि तिने कोणाचा घात होऊ नये. ही कसोटी फार मोलाची आहे, कारण ती ऐकणाऱ्यालाही हिशेबात धरते.

गारगोटीच्याच भुदरगड तालुक्यात पाटगावच्या बाजूला पाऊस धो धो कोसळतो. वेदगंगेचे पाणी शिवारात शिरले की शेतकरी शेजाऱ्याला सांगतो, 'सगळं भात गेलं.' शेजाऱ्याने बांधावरून शेत पाहिलेले असते. त्याच्यापर्यंत पोचते ते दुःख, आणि ते खरे असते. तलाठी पंचनाम्याला आला की हेच वाक्य वेगळे होते. सरकारी मदतीसाठी पिकाचे नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते, आणि तलाठी मोजायलाच आलेला असतो. तिथे वीस टक्क्यांना 'सगळं' म्हणणे हे सरळ असत्य.

हाच प्रश्न शास्त्रवचनांबाबतही उठतो. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी वेदातल्या स्तुतिवाक्यांना 'अर्थवाद' म्हटले: त्यांचा शब्दार्थ धरून बसू नये, ती विहित कर्माकडे वळवण्यासाठी असतात. भक्तिपरंपरेने मात्र नाममाहात्म्याला अर्थवाद समजणे हा नामापराध ठरवला. नामाने पापांचे डोंगर जळतात, हे भक्ताच्या लेखी वाढवून सांगणे नाहीच. तो जसे मानतो तसेच बोलतो, म्हणून त्याचे बोलणे फसवणारे ठरत नाही. विधान वस्तुतः खरे आहे का, हा प्रश्न वेगळा.

गप्प राहणे हा सुरक्षित मार्ग वाटतो. पाटगावचे संत मौनी महाराज याच तालुक्यातले. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात मौन मानसिक तपात येते. वाणीच्या तपात येते ते कोणाला न दुखवणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे.