प्रतिबिंबाचे इमान

देहूरोड स्थानकावर उतरून देहूची वाट धरणाऱ्या यात्रेकरूच्या मनात तुकोबांची जी मूर्ती असते ती आली कोठून, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदा पडतो. गाथेतून आली, कीर्तनांतून आली, हे खरेच. परंतु १९३६ साली प्रभात कंपनीने ‘संत तुकाराम’ काढल्यापासून ती बऱ्याच अंशी विष्णुपंत पागनिसांच्या मुद्रेवरून घडलेली आहे, हेही नाकारता येत नाही. चित्रपटास समाजाचा आरसा म्हणण्याची रूढी आहे. पण येथे प्रतिबिंबच मूळ वस्तूच्या आसनावर जाऊन बसले! मग अशा प्रतिबिंबाने कोणाशी इमान राखावे?

त्या चित्रपटातील बीज आणि वृक्ष यांच्या उपमेवरचे पद शांताराम आठवल्यांनी रचलेले. असंख्य श्रोत्यांनी ते तुकोबांचेच मानले. आजही मानणारे भेटतात. यास कोणी लबाडी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. तुकोबांच्या भाषेत मुरलेल्या मनाखेरीज असे पद कोणास सुचणार? लोकांनी ते आपले म्हणून उचलले, यात त्यांची फसवणूक झाली असली तरी हानी कोणाचीच झाली नाही.

सालोमालोची गोष्ट मात्र निराळी. दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपविणारा म्हणून गाथेत त्याचा उल्लेख येतो. त्यापलीकडे त्याचे चरित्र म्हणावे असे काही हाती नाही. चित्रपटात तो कपटी खलनायक होतो, तुकोबांस भुलविण्यासाठी गणिकेची योजनाही करतो. नाटकास खलपुरुष लागतो, हे आम्ही जाणतो. तथापि ज्याला उत्तर देण्यास वंशज नाही, ग्रंथ नाही, त्याच्या माथी वाटेल ते मारावे काय? आठवल्यांनी आपले शब्द तुकोबांच्या पदरात घातले. सालोमालोच्या पदरात मात्र पापे पडली. पहिल्या कल्पनेस आम्ही दान म्हणू. दुसरीस तसे म्हणवत नाही.

हा पेच मराठीपुरता नाही. देहूरोडची छावणी व भोवतालचे कारखाने यांमुळे केरळातील कुटुंबेही या बाजूस नांदत आहेत. त्यांच्या भाषेतील ‘चेम्मीन’ हा रामू करियात यांचा १९६५ चा चित्रपट तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या १९५६ मधील कादंबरीवरून निघाला व त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. समुद्रावर गेलेल्या कोळ्याचा जीव घरच्या स्त्रीच्या पातिव्रत्यावर अवलंबून, ही समजूत त्या कथेचा कणा होय. लेखक स्वतः कोळी नव्हता. किनारा, जाळी, होड्या यांचे चित्र कितीही हुबेहूब असो, त्या समजुतीचे सारे ओझे करुत्तम्मा नावाच्या एका मुलीने वाहिले. आणि दूरच्या प्रेक्षकाने ‘कोळी असेच असतात’ असे म्हणून नि:श्वास टाकला. प्रादेशिक चित्रपटाची स्तुती करताना आपण वेष, बोली, सण यांची यादी करतो. ती खरी असली की काम झाले असे समजणे भाबडेपणाचे आहे.

आमच्या मते खरी कसोटी जिजाईची आहे. कीर्तनांत ती बहुधा कजाग म्हणूनच यावयाची, म्हणजे संताची शांती उठून दिसावी. दामले-फत्तेलालांनी आणि ती भूमिका करणाऱ्या गौरीने तिला तिची बाजू दिली. दुभत्या म्हशीची काळजी, उपाशी पोरे, रिकामे मडके हे सारे तिच्या संतापामागे दिसत राहते. आजारी मुलासाठी ती पायातली वहाण हाती घेऊन विठोबास जाब विचारावयास निघते तेव्हा थिएटरात हशा पिकतो खरा, पण त्या हशात तिचा उपहास नसतो. घरोघरच्या आया तेथे बसलेल्या असतात. तुकोबांच्या थोरवीस यामुळे उणेपणा येत नाही, आणि जिजाईचा प्रश्नही खोटा ठरत नाही. शेवटी विमान वर जाते. ती मुलांसह खालीच राहते, आणि त्या रात्रीही घरात चूल पेटवावयाची असतेच.