सोंग आणि स्वत्व

१९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ आला, तेव्हा खेळणाऱ्यापुढे योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक असे तीनच वर्ग होते. वर्ग निवडला की काय करता येईल ते ठरे, आणि खेळता खेळता कसे बोलायचे तेही. कर्ली नदी आणि समुद्र यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवरच्या देवबागकरांना यात नवल वाटू नये. त्यांच्या मालवण किनाऱ्यावरच्या दशावतार या लोकनाट्यात राजपार्टी, स्त्रीपार्टी, खलपार्टी हे वर्ग रुजलेलेच आहेत. तिथे आख्यान ठरते, प्रसंगांचा क्रम ठरतो. पण लिहिलेले संवाद नसतात. माणूस आधी कोणीतरी असतो म्हणून तसा बोलतो, की बोलता बोलता कोणीतरी होतो, हा जुना प्रश्न म्हणूनच इथे तपासता येतो. माझ्या मते भूमिका भाषेला कुंपण घालते. ओळख मात्र त्या कुंपणात उभे राहून दिलेल्या उत्तरातून घडते.

पूर्वरंगातला संकासुर पाहा. अंगात काळा वेष, तोंडावर बाहेर लोंबणाऱ्या लाल जिभेचा काळा बुरखा. देव आणि राजे ग्रांथिक मराठीत बोलतात, हा वेद चोरणारा असुर मालवणीत. भरताच्या नाट्यशास्त्रातही राजाला संस्कृत आणि विदूषकाला प्राकृत वाटून दिलेले आहे; म्हणजे भाषेची ही वाटणी पायरी दाखवण्यासाठीच होती. तरीही त्याच मालवणीच्या बळावर संकासुर गावाचे व्यवहार बोलून दाखवतो, देवांना उलट प्रश्न करतो. भारदस्त बोलीत अडकलेल्या विष्णूला ती मोकळीक नाही. संकासुराचा वध ठरलेला असला तरी तोवरचा शब्द नटाचा असतो, आणि बुरखा तोच राहूनही नट बदलला की संकासुर बदलतो.

यावर कोणी म्हणेल, मग खरा तो नटच, भूमिका नुसता वेष. तसे नाही. स्त्रीपार्टीत राणीचा शोक बोलणाऱ्या पुरुषाला ते शब्द लुगडे नेसल्यावरच सापडतात. रोजच्या व्यवहारात त्याला ती मुभाच नसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नेमून दिलेल्या भूमिकेचे हे कौतुक म्हणजे स्वधर्माच्या नावाखाली जातीचेच समर्थन नव्हे काय? डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली मांडले की जात केवळ कामांची नव्हे, काम करणाऱ्यांचीही वाटणी करते आणि तीत निवडीला जागा नसते. भेद नेमका इथेच आहे. दशावतारी उजाडताना रंग पुसतो, आणि सोंगात असतानाही त्याला देवाला जाब विचारता येतो. जातीने हे दोन्ही हक्क नाकारले. म्हणून कोणत्याही वर्गव्यवस्थेला, मग ती खेळातली असो वा समाजातली, दोनच कसोट्या लावाव्यात: भूमिका उतरवता येते का, आणि तिच्यात राहून उलट बोलता येते का? जिथे दोन्हींचे उत्तर नाही असे आहे, तिथे माणसाचे स्वत्व घडत नाही, चिरडले जाते.