उपकार नव्हे, देणे



1 नोव्हेंबर 2018 रोजी कल्याण पूर्वेतील एका विहिरीत विषारी वायूने पाच जणांचा बळी घेतला. त्यांपैकी दोघे अग्निशमन दलाचे जवान होते. इतरांना वाचवण्यासाठी ते आत उतरले होते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी स्फोट झाले, तेव्हाही लोक बाहेर धावत होते आणि जवान आत शिरत होते. अशा कामात जो मृत्यू पावतो, त्याला सलामी मिळते. जो निकामी हात किंवा दुबळी फुप्फुसे घेऊन घरी परततो, त्याचा मात्र समाजाला लवकर विसर पडतो. त्याच्या मुलांचे महाविद्यालयीन शुल्क माफ व्हावे काय?

यावर एक आक्षेप संभवतो. मनुष्याला त्याच्याच प्रयत्नाचे फळ मिळते, असे सूरह नज्म (53:39) सांगते. मग पित्याच्या कष्टाचा लाभ मुलाला का? शेजारच्या बाकावर बसणाऱ्या रिक्षाचालकाच्या मुलीची गरज कमी आहे काय? मुळीच नाही, तिलाही मदत मिळालीच पाहिजे. परंतु गरज वेगळी आणि ऋण वेगळे. गरजवंताला आपण साहाय्य करतो. ज्याचे देणे लागतो, त्याचे देणे फेडतो. ज्या शरीराच्या बळावर मुलांना शिकवायचे, तेच त्या जवानाने आपली घरे वाचवण्यासाठी खर्ची घातले. मुलाची शुल्कमाफी हे त्या पित्याच्याच प्रयत्नाचे फळ होय.

सूरह कहफमधील (18:77-82) प्रसंग आठवा. ज्या गावाने पाहुणचार नाकारला, तेथे हजरत खिज्र (अ.) यांनी कोसळू पाहणारी भिंत मजुरी न घेता उभी केली. तिच्याखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता आणि त्यांचा पिता सदाचारी होता. मुले वयात येईपर्यंत तो ठेवा सुरक्षित राहावा, ही अल्लाहची इच्छा होती. आज शिक्षण हा तो ठेवा आहे आणि शुल्कमाफी ही भिंत. येथे तर पिता हयात आहे. मुलांदेखत त्याला अर्ज-विनंत्या करत फिरावे लागू नये, म्हणून ही माफी कोणाच्या मर्जीवर न राहता नियमाने मिळावी.

सैनिकांबाबत देशाने हे तत्त्व 1971 च्या युद्धानंतर स्वीकारले. युद्धात वीरगती किंवा कायमचे अपंगत्व आलेल्यांच्या मुलांचे शिक्षणशुल्क सरकार भरते. 2017 मध्ये त्यावर दरमहा 10,000 रुपयांची मर्यादा आली. मार्च 2018 मध्ये ती हटवण्यात आली. आगीशी झुंजणाऱ्याचे ऋण याहून हलके कसे?

शासनाकडे ही मागणी करताना आपणही हात आखडता घेऊ नये. मुंब्रा, कल्याण, भिवंडी येथील आपल्या शिक्षणसंस्थांनी दरवर्षी एक-दोन जागा अशा मुलांसाठी विनाशुल्क ठेवाव्यात आणि त्यांचा धर्म विचारू नये. आगीत उडी घेणाऱ्याने आपल्याला तो कधी विचारला नव्हता.

अल्लाह आपणांस हे देणे फेडण्याची तौफीक देवो. आमीन.